गॅलरीआधी भिंत

विकेंड आला की भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडायची, तासाभरात मांडवा, तिथून गाडी थेट रिसॉर्टला! जवळच असलेलं सासवणे बहुतेकांना ठाऊकच नसतं. शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं (१८९१-१९६७) हे गाव.

पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी त्यांचाच. पण मला सासवण्याच्या घरातलं त्यांचं शिल्पालय जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे थोर पुरुष आहेतच, पण कोळीणही आहे आणि अंगणात चक्क सिमेंटची म्हैस! ज्या गावातून ही रूपं घेतली, त्याच गावात ती राहिली. गावच्या पोरांना ती बघायला मुंबईत जहांगीरला जावं लागत नाही.

आणि सुरुवात कशी झाली? लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचं चित्र काढलं. कलेक्टर ऑटो रॉथफिल्डनी ते पाहिलं आणि पोराला जे. जे.त पाठवलं. ती भिंत म्हणजे त्यांची पहिली गॅलरीच की!

माझं म्हणणं एवढंच, किनाऱ्याची चित्रं आधी किनाऱ्यावर लागावीत. त्याला एसी हॉल आणि वाइन कशाला? शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, चार खिळे... झालं प्रदर्शन.

आणि आपण? सेकंड होमच्या भिंतीवर ग्रीसच्या समुद्राचं पोस्टर लावतो. त्याऐवजी इथल्याच चित्रकाराची माडाची, होड्यांची चित्रं घ्या ना. पैसे मोजून, बरं का! 'तेवढीच तुझी पब्लिसिटी' म्हणत फुकट मागू नका. आपण लिहितो का कोड फुकट?