दार उघडे, पासवर्ड पक्का

सर्व्हरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती पासवर्डची. आमच्या मते दाराचा विचार आधी व्हावा, आणि मराठी शिकवणाऱ्यांनी हे म्हणण्याला कारण आहे.

महिंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभी एका धाडीत गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. पण एकाचे अनेक पाठ झाले. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथी परक्याच्या हाती पडली तरी अर्थ हाती लागत नसे. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून या साहित्याची ओळख करून दिली, ती लिप्यांची कोंडी फुटल्यानंतर.

आजच्या भाषेत, सांकेतिक लिपी म्हणजे एन्क्रिप्शन आणि पोथीच्या नकला म्हणजे बॅकअप. दोन्ही हवेतच. परंतु ज्याचा हात यंत्रापर्यंत पोचला, तो पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करू शकतो किंवा डिस्क काढून दुसरीकडे वाचू शकतो. एन्क्रिप्शनमुळे वाचणे थांबेल; पळवणे, मोडणे थांबणार नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसलेल्या जमावाला पोथ्या वाचायच्या नव्हत्या.

आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सर्व्हरच्या खोलीचे दार भर मे महिन्यात सताड उघडे असलेले आम्ही पाहिले. एसी बंद, यंत्र तापते, म्हणून दार उघडे. आत विद्यार्थ्यांचे गुण आणि जातीच्या दाखल्यांच्या प्रती. इथे केवळ शिस्तीचा उपदेश निरुपयोगी आहे. लोखंडी जाळीचे दार बसवले तर वारा आत येईल, माणूस येणार नाही. यंत्र कपाटात जखडावे, ये-जा वहीत नोंदवावी आणि बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवावा.

कुलपे मात्र दोन असावीत, किल्ल्या दोघांकडे. मतदानयंत्रांच्या खोलीला दुहेरी कुलूप असते, शिवाय उमेदवारांना आपली मोहोर लावता येते. एकट्याच्या प्रामाणिकपणावर सगळा भार पडू नये, एवढाच त्याचा अर्थ. प्राचार्यांनी तो अपमान मानू नये.

लीळाचरित्राच्या पाठांवर विद्वानांनी आयुष्ये वेचली. एखाद्या मुलीच्या गुणपत्रिकेचे दोन पाठ निघाले, तर तिच्यासाठी पाठचिकित्सा कोण करणार?