प्रवचनकार नको, थापटणं हवं

पुण्यात नोकरी करणाऱ्या आम्हा हिंगोलीकरांचा एक ग्रुप आहे. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा... सगळीकडची मंडळी आहेत. एरवी तिथे वाढदिवस, गाडीचं रिझर्वेशन आणि हळदीचे भाव एवढंच चालतं. या वेळी मात्र एक झकास कल्पना निघाली. दिवाळीत सगळे गावी जातातच, तर कार्तिकी एकादशीला नामदेव जयंती असते, तिच्या आधीचे दोन दिवस नर्सीला जमायचं आणि नामदेवांची पदं एकत्र बसून वाचायची. दर्शन, सेल्फी आणि परत, असं नाही. खरोखर वाचायची.

मग प्लॅन आला. एक्सेल शीटमध्ये, रंगीत!

शनिवारी सकाळी उद्घाटन. मग एका नामवंत वक्त्यांचं दीड तासाचं व्याख्यान. जेवण. दुपारी दुसरे वक्ते, विषय ‘नामदेवांकडून कॉर्पोरेट जगाने काय शिकावे’, प्रोजेक्टरसह. रविवारी प्रवचन, शेवटी प्रश्नोत्तरं (पंधरा मिनिटं, वेळ उरल्यास), टी-शर्ट वाटप, ग्रुप फोटो. एकाने वर सुचवलं की सगळी पदं ए.आय.ला देऊन एका पानाचा सारांश काढू, म्हणजे कुणाला वाचत बसायला नको.

मी ती शीट वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली. ‘पद वाचणे’ असं लिहिलेली एकही ओळ त्यात नाही. सामूहिक अभ्यास म्हणून जे ठरलं, त्यात समूह नुसता ऐकणार आणि अभ्यास दुसराच कुणीतरी घरून करून येणार. याला अभ्यास म्हणायचं असेल तर क्रिकेटची मॅच टीव्हीवर बघण्याला व्यायाम म्हणायला हरकत नाही.

काही जणांना हा मुद्दा किरकोळ वाटेल. मला नाही वाटत. आणि त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात, नामदेवांच्याच कथेत आहे.

तेरच्या गोरा कुंभारांकडे संतमेळा जमला होता ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. (इतिहास म्हणून कुणी छाती ठोकून सांगू नये, पण परंपरेने ती सातशे वर्षं जपली आहे ती उगाच नाही.) थापटणं बघून मुक्ताबाई विचारते, काका, हे काय? मडकं कच्चं की पक्कं ते बघायचं साधन, गोरोबा सांगतात. मग आमची मडकी बघा की! गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प बसतात. नामदेव चिडतात. निकाल लागतो: हे मडकं कच्चं.

आता जरा विचार करा. त्या खोलीतले सगळ्यात प्रसिद्ध नामदेवच. साक्षात विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो अशी ख्याती. आजच्या भाषेत ते तिथले कीनोट स्पीकर! आणि त्यांना कच्चं म्हणतो एक कुंभार, तेही एका लहान मुलीने विषय काढला म्हणून. आपण आयटीवाल्यांना हे कळायला अवघड नाही. चांगल्या टीममध्ये आर्किटेक्टचा कोडसुद्धा रिव्ह्यूला येतो, आणि कालच लागलेली पोरगी त्यातला बग दाखवू शकते. जिथे ती दाखवू शकत नाही, त्या टीमचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे.

पुढची गोष्ट तर आपल्या घरची. रुसलेले नामदेव पंढरीला जातात, विठ्ठलही त्यांना गुरू करायला सांगतो, आणि ते औंढा नागनाथला येतात. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय काढा म्हटल्यावर म्हातारा म्हणतो, जिथे देव नाही तिथे उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिकडे ठेवतात तिकडे पिंड! विसोबांनी प्रवचन दिलं नाही. स्वतःच्या हातांनी करून बघायला लावलं.

आणि शेवटचं. नामदेवांना कीर्तनाला बसू दिलं नाही, ते देवळाच्या मागे जाऊन बसले आणि देऊळ फिरलं, ही कथा औंढ्याला आजही सांगतात. अशाच प्रसंगाचं एक पद गुरु ग्रंथ साहिबातही आहे: छिप्याच्या जातीचा म्हणून उठवून दिलं, आणि देवळाने त्याच्याकडे तोंड केलं. या माणसाची पदं वाचायला आपण जमणार, आणि तिथे एकाला स्टेज, माइक, शाल-श्रीफळ आणि बाकीच्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या? दारावर कोण बसलंय, एवढंच बदललं म्हणायचं.

बरं, आता प्रत्यक्ष वाचायचं काय? माझं मत गुरु ग्रंथ साहिबातल्या नामदेवांच्या पदांना. ती ६१ आहेत. गुरु अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला त्यात ती आली. पंजाबातल्या घुमानशी नामदेवांचं नातं सांगतात, आणि २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. नर्सीला पंजाबी भाविक येतात ते याच नात्याने. पंजाबातले नामदेव आणि आपले नामदेव एकच का, यावर अभ्यासकांत वादही झालेत. होऊ देत, वाद घालायलाही विषय हवाच ना.

या पदांचा मोठा फायदा म्हणजे ती आपल्यापैकी कुणालाच पाठ नाहीत. जुनी हिंदी, मधूनच डोकावणारी मराठी रूपं. ओळखीचा अभंग निघाला की आपण माना डोलवायला लागतो, कारण अर्थ आधीच ‘माहीत’ असतो. इथे सगळेच अडखळणार. उत्तम! अभ्यास अडखळण्यापासूनच सुरू होतो.

एक उदाहरण देतो, म्हणजे नुसती टीका केली असं व्हायला नको. रामकली रागातलं एक पद आहे, त्रिलोचनांना उद्देशून. मुलगा कागदाचा पतंग उडवतो, दोस्तांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीत. मुली पाण्याच्या घागरी घेऊन येतात, हसतात, थट्टा करतात, चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. आई घरभर कामं करत फिरते, चित्त पाळण्यात.

हे पद दुपारच्या वक्त्यांच्या हातात द्या. स्लाइडवर काय येणार ते मी आत्ताच सांगतो: ‘फोकस! कामावर लक्ष केंद्रित करण्याची ४ सूत्रं.’ आपण टाळ्या वाजवणार. ए.आय.चा सारांश पण बहुतेक हेच म्हणेल, कारण त्यालाही आपणच शिकवलंय.

आता हेच पद गोल बसून वाचा, आणि त्या गोलात पाणी वाहिलेली एखादी काकू असू दे. आपल्याकडे उन्हाळ्यात अशा बाया शोधायला लांब जावं लागत नाही. ती सांगेल, अहो, डोक्यावर घागर असताना आम्ही घागरीकडे लक्ष ‘देत’ नाही. लक्ष देत चाललं तर मान आखडते आणि पाणी सांडतं. बोलत-हसत चालायचं, घागर आपोआप सांभाळली जाते.

तेव्हा मग बाकीची उदाहरणं पुन्हा बघा. गाय कधी वासरावर ‘कॉन्सन्ट्रेट’ करते का? आईला पाळण्याकडे लक्ष ठेवायला रिमाइंडर लागतो का? चारही चित्रांत एकाग्रतेचा प्रयत्न कुठेच नाही. माया आहे, म्हणून लक्ष तिथे आहे. म्हणजे हे पद फोकसबद्दल नाहीच, ते जवळजवळ उलट सांगतंय: तुझं लक्ष कुठे ठेवायचं हा प्रश्न नाही, ते आपोआप कुठे जातं ते बघ. शुक्रवारी रात्री दीड वाजता माझं लक्ष आपोआप कुठे जातं, याचं खरं उत्तर दिलं तर माझं मडकं कसं वाजेल ते मला चांगलं माहीत आहे. स्लाइडमुळे नेमकी हीच वेळ टळते. आपल्याला वक्ता हवा असतो तो बहुधा याचसाठी.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह कुर्दिस्तानच्या डोंगरांतून १८५६ साली बगदादला परतले, त्यानंतर त्यांनी ‘हफ्त वादी’ म्हणजे सात दऱ्या हा छोटा गूढ ग्रंथ लिहिला. तो लिहिला खानकीनच्या एका सूफी काझीला उत्तर म्हणून. चांगदेव पासष्टीही अशीच, चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी दिलेलं उत्तर. असे ग्रंथ मुळात संवादातून आलेत, एकाने बोलायचं आणि शंभरांनी ऐकायचं म्हणून आलेले नाहीत. त्या सात दऱ्यांचा क्रम बघा: शोध, प्रेम, ज्ञान, ऐक्य, तृप्ती, विस्मय, आणि शेवटी अकिंचनपण. ज्ञान तिसऱ्या नंबरवर! त्याच्यानंतर अजून चार दऱ्या, त्यात विस्मय सहावी. आमची एक्सेल शीट तिसऱ्या दरीत मुक्काम ठोकून टी-शर्ट वाटते.

बहाई लोकांत पुरोहितवर्ग नाही. त्यांच्या अभ्यासमंडळात छोटा उतारा वाचतात आणि त्यावर सगळे बोलतात, चालवणारा सोबत बसून वाचतो. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातच तयार असतात, ते मला फार पटत नाही, तिथे थापटणं जरा हळूच वाजतं. पण बसायची पद्धत घेण्यासारखी आहे.

आता आक्षेप. पहिला: ‘कीर्तन-प्रवचन ही आपलीच परंपरा, तिला नाक मुरडतोस?’ मुळीच नाही. आपल्या गावांतल्या सप्ताहात रात्री कीर्तन असतं, मी आवडीने ऐकतो. पण त्याच सप्ताहात सकाळी पारायणाला बाया-बापे आपापली पोथी समोर घेऊन बसतात, ते आपण विसरतो. ग्रंथ प्रत्येकाच्या हातात हवा ही कल्पना माझी नाही, गावाचीच आहे. फक्त पारायणात थांबून ‘म्हणजे काय?’ विचारायची सोय नसते. ती आपण करू.

दुसरा: ‘तज्ज्ञ नसेल तर चुकीचे अर्थ लावाल.’ लावू की! म्हणूनच नियम हवा: जे म्हणायचं ते शब्दावर बोट ठेवून म्हणायचं. ‘मला असं फील होतं’ चालणार नाही. शब्दकोश ठेवू, महाराष्ट्र शासनाने १९७० साली काढलेली नामदेव गाथा मराठी अभंगांशी ताडून बघायला ठेवू. आणि तज्ज्ञांना जरूर बोलावू, पण रविवारी दुपारी. आपण आधी धडपडून लिहून ठेवलेले प्रश्न त्यांच्यापुढे ठेवू. चांगल्या अभ्यासकाला यातच जास्त आनंद होतो.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे: ‘सगळ्यांसमोर आपलं अज्ञान दिसेल.’ हो, दिसेल. ते दिसावं म्हणून तर जमायचं. एकट्याला वाचायला घर आहे.

तर माझा प्लॅन असा. दहा-बारा जण, त्यात निम्मे नर्सीचे आणि आसपासचे. स्टेज नाही, सतरंजी. दोन दिवसांत फक्त ४ पदं. प्रत्येक पद तीन वेगवेगळ्या आवाजांत मोठ्याने वाचायचं. पहिल्या फेरीत फक्त प्रश्न, उत्तर देणाऱ्याला चहा नाही. दुसऱ्या फेरीत शब्दावर बोट. तिसऱ्या फेरीत स्वतःचं काय ते. बोलायला सुरुवात वयाने सगळ्यात लहान असेल त्याने किंवा तिने करायची (मुक्ताबाईचा मान), आणि मॅनेजर लोकांनी शेवटी. रविवारी सकाळी औंढ्याला जाऊन देऊळ फिरल्याचं पद तिथेच वाचायचं. ‘टेकअवे’ लिहायचा नाही. वक्त्यांच्या मानधनाचे जे पैसे वाचतील त्यातून पदांच्या प्रती काढायच्या आणि गावातल्या लोकांकडेच ठेवून यायच्या.

उरली ५७ पदं. महिन्याला एक ऑनलाइन घेतलं तरी पावणेपाच वर्षं लागतील. फार वाटतात? गृहकर्ज वीस वर्षांचं घेताना तुम्ही इतका विचार केला नव्हता :)

मंडळी, तुमच्याही गावाजवळ एखादा संत असेलच. फ्लेक्स छापण्याआधी एक पद घ्या, चार जण बसा, आणि त्या चौघांत एक तरी असा असू द्या, जो तुम्हाला तोंडावर कच्चं म्हणू शकेल. नामदेवांना असा माणूस तेरला भेटला, म्हणून ते औंढ्यापर्यंत पोचले.