वजनदार गिटार

मराठीत 'वजनदार' हा कौतुकाचा शब्द. माणूस वजनदार असावा, शब्द वजनदार असावा, सोन्याचा गोफ तर वजनदार हवाच. अर्जावर वजन ठेवल्याशिवाय तो पुढे सरकत नाही असे लोक आमच्या सरकारी जमातीबद्दल म्हणतात, पण ते वजन वेगळे! असो. मुद्दा असा की या शब्दाच्या मोहात आपण वाद्यांनाही तोच न्याय लावतो. गिटार घ्यायला गेलेल्या मुलाला सल्ला मिळतो, "हातात घेऊन बघ, जड लागते ना? मग माल अस्सल." हा सल्ला मला अजिबात पटत नाही.

विषय डोक्यात घोळू लागला तो हैदराबादेत. माझी भाची तिथे हायटेक सिटीत नोकरीला आहे आणि कचेरीतल्या मित्रमंडळींच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवते. मी तिच्याकडे गेलो तेव्हा गिटार कपाटाच्या वर गेली होती. खांदा आणि मान इतकी दुखायची की दोन महिने तिने सराव बंद ठेवला होता. बँडमधल्या एकाने तर सांगून टाकले होते की खरी गिटार जडच असते, तुला झेपत नसेल तर उकुलेले घे. "मामा, माझ्यातच दम नाही बहुतेक," असे ती म्हणाली, आणि मला ते लागले. विमानाचे सामान तोलायचा काटा घरात होता, त्याला गिटार अडकवून पाहिली. पावणेपाच किलो!

पावणेपाच किलो म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. बाजारातून आपण त्याहून जड पिशव्या आणतो. पण पिशवी आपण या हातातून त्या हातात घेतो आणि घरी आल्यावर खाली ठेवतो. गिटार दोन-दोन तास एकाच खांद्यावर, दोन बोटे रुंद पट्ट्यावर लटकत राहते. वर त्या खांद्याखालचा हात मोकळा नसतो, त्याची बोटे तारांवर नाचवायची असतात. साधी अकूस्टिक गिटार पोकळ असते, तिचे वजन दोन किलोच्या आसपास. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर साडेतीन किलोच्या आगेमागे भरते, गिब्सनची लेस पॉल चार-साडेचार, आणि १९७०च्या दशकातल्या काही लेस पॉल पाच किलोच्याही वर जातात. म्हणजे एकाच जातीच्या दोन वाद्यांत किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो.

आता वजनाचा आणि आवाजाचा काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. तार छेडली की तिची शक्ती दोन्ही टोकांकडून लाकडात उतरू लागते. लाकूड जितके ताठ आणि स्थिर, तितके ते तारेकडून कमी घेते आणि सूर जास्त वेळ टिकतो. ज्यांच्या नावाने ती गिटार १९५२ साली बाजारात आली ते वादक लेस पॉल आपल्या तरुणपणातली एक गोष्ट सांगत. त्यांनी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर तार ताणून पाहिली होती. सूर इतका सुंदर टिकला की धावत जाऊन आईला सांगितले. घोड्यावर बसून रूळ वाजवणारा गुराखी काही दिसायचा नाही, अशा अर्थाचे बोलून माऊलीने विषय संपवला. मला वाटते, या वादात इतके शहाणपणाचे दुसरे कोणी बोललेले नाही. रुळाचा आवाज चांगला असेलही, पण तो गळ्यात घालून वाजवणार कोण?

शिवाय जड म्हणजे चांगले हे सूत्र सगळ्या वाद्यांना लागूही पडत नाही. अकूस्टिक गिटारची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. ती जाड आणि जड केली तर गिटार मुकी होईल. मिरजेचा तानपुरा बघा. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच, पण उचलला तर आकाराच्या मानाने हलका, कारण खाली वाळवलेला भोपळा आणि वर आतून कोरलेले तुणीचे लाकूड. इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेतही गंमत आहे. गिब्सनने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून लेस पॉलच्या अंगात आतून भोके पाडून वजन उतरवायला सुरुवात केली. वर लाकडाची फळी चिकटवलेली, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. कित्येक वादकांना हे बऱ्याच काळाने कळले. आणि हलके लाकूड म्हणजे हलका माल, असेही नाही. हलक्या अ‍ॅश लाकडाला मोठी मागणी. पण पूर आणि झाडे पोखरणारी कीड यांमुळे ते इतके दुर्मीळ झाले की २०२० साली फेंडरने आपल्या बहुतेक नेहमीच्या गिटारींतून ते काढून टाकण्याचे जाहीर केले.

मग हा प्रश्न आपल्याकडे कधी का उठला नाही? कारण आपले शास्त्रीय संगीत बैठकीचे. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये तिला संतूर-बासरीच्या पंगतीला बसवले. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला वीस तारा. १९९४ साली ग्रॅमी मिळवणारे हे वाद्य खांद्यावर टांगायचे म्हटले तर कठीणच. पण बसलेल्या वादकाच्या वाद्याचे वजन शेवटी जमीन पेलते. मांडी घालून बसला की माणूस जिंकला!

उभ्याने, चालत, नाचत वाजवणाऱ्यांचे काय? त्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. हैदराबादच्या त्या मुलखात बुर्रकथा सांगतात. मुख्य कथेकरी खांद्यावर तंबुरा घेऊन पुढे-मागे नाचत गातो आणि दोन बाजूंचे साथीदार गुम्मेटा वाजवतात. नाव ऐकताच आपल्याला घुमट आठवावे असेच ते वाद्य. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात हीच कथा गावोगाव सांगितली जाई, आणि निजाम सरकारने तिच्यावर बंदीही घातली होती. रात्र-रात्र कथा सांगत फिरायचे तर तंबुरा अंगाला जड होऊन कसे चालेल? आपल्या वारकऱ्यांच्या अखंड सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीवर टेकवत नाहीत. पहारा बदलला की ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. वीणा हलकी, तरीही पाळी लावून दिलेली! तमाशातले तुणतुणे घ्या, नाहीतर आपले घुमट घ्या. २०१९ साली गोवा सरकारने ज्याला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला ते घुमट गळ्यात अडकवून माणूस आरतीत तासभर उभा राहतो. यातल्या कोणत्याही वाद्याला कोणी 'हलके' म्हणून हिणवल्याचे मी ऐकलेले नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. केवळ काट्यावर हलकी भरली म्हणून गिटार सोयीची होत नाही. अंग हलके आणि डोके जड असेल तर मान सारखी खाली झुकते, आणि ती सावरण्यातच डावा हात दमतो. अशा गिटारपेक्षा अर्धा किलो जड, पण तोल साधलेली गिटार बरी. काही मुरलेले वादक जड गिटार जाणूनबुजून निवडतात. तिचा भरीवपणा त्यांना अंगाशी हवासा वाटतो. त्यांचा खांदा, त्यांची आवड. माझे भांडण त्यांच्याशी नाही. माझे भांडण आहे ते जडपणाला कसोटी बनवून नवख्याला, विशेषतः लहान चणीच्या मुलामुलींना, कमी लेखणाऱ्यांशी. माझ्या भाचीने ती गिटार विकून सव्वातीन किलोची घेतली, पट्टा चार बोटे रुंद केला, घरचा सराव बसून करू लागली. बँड तोच आहे, गाणी तीच आहेत. आवाज बदलल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही, उकुलेलेवाल्यानेही नाही!

आमच्या गोव्यात तर हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. लग्नात, फेस्तात चार-चार तास उभे राहून गिटार किंवा बेस वाजवणे हे कित्येकांचे पोट आहे. विशीत खांदा तक्रार करत नाही, चाळिशीनंतर व्याजासकट वसूल करतो. म्हणून गिटार घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. दुकानात ती बसून वाजवून पाहू नका. पट्टा लावून पंधरा-वीस मिनिटे उभे राहा, हात सोडल्यावर मान झुकते का बघा, आणि खुशाल वजन करायला सांगा. तांदळाच्या पाच किलोच्या पिशवीवर वजन छापलेले असते. हजारो रुपयांच्या गिटारला लावलेल्या चिठ्ठीवर किंमत असते, रंग असतो, लाकडाचे नावही असते, मग वजन तेवढे का नसावे? दुकानदारांनी ते लिहावे, आणि नसेल तर आपण मागावे. मागायला लाज कसली?