छोट्या गाडीमागे ट्रेलर : भाडे वाचते, पण कशाच्या जिवावर?

आपल्या जिल्ह्यातील बाजारकरी दुकानदार हल्ली मला एक प्रश्न वारंवार विचारतात. घरच्यांसाठी घेतलेली छोटी एस.यू.व्ही. दारात उभीच असते. तिच्यामागे दोन चाकांचा ट्रेलर जोडला तर सोलापूरहून चादरी-टॉवेलचे गठ्ठे आणता येतील, आठवडी बाजारात किंवा धाराशिवला ख्वाजा शमशोद्दीन गाजी यांच्या उरुसात दुकान लावता येईल आणि टेम्पोचे भाडे वाचेल. कंपनीने गाडीला हुक दिलेला नाही, मग तो बाहेरून बसवून घ्यावा का?

हा हिशेब मीही एकदा केला होता. एका वर्कशॉपने बंपरमागच्या पत्र्याला लोखंडी अँगल वेल्डिंग करून दिला आणि त्याला ट्रॅक्टरसारखी पिन लावली. मी गठ्ठे पुढे रचले आणि दुकानाचे पाईप व फळ्या अगदी मागच्या टोकाला बांधल्या. तुळजापूरहून सोलापूरच्या बाजूने घाट उतरताना ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला व गाडीचा मागचा भागही ओढू लागला. अल्लाहची मेहरबानी की मी जोरात ब्रेक मारला नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरले, गाडी हळूहळू थांबली. खाली उतरून पाहिले तर वेल्डिंगला नखभर तडा गेला होता. समोरून एस.टी. येत होती, एवढेच सांगतो.

चूक एकट्या वर्कशॉपची नव्हती. आपल्याकडे लहानपणापासून सर्वांनी उसाच्या ट्रॉल्या पाहिलेल्या असतात, त्यामुळे हुक म्हणजे पिन आणि भोक असाच समज होतो. पण ट्रॅक्टर संथ चालतो आणि त्याचा सांगाडा ओढण्यासाठीच बनलेला असतो. मोटारीच्या वेगात सैल पिन प्रत्येक खड्ड्यात हातोड्यासारखी आदळते. मोटारीला गोळ्याचा हुक लागतो. युरोपात 50 मिलिमीटरचा गोळा चालतो. ट्रेलरची वाटी त्यावर घट्ट बसून कुलूप होते आणि वर दोन साखळ्या आडव्या-तिडव्या अडकवतात, म्हणजे हुक सुटला तरी दांडा रस्त्यावर पडत नाही.

हा हुक कशाला बसवायचा, हाच खरा प्रश्न आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा जुनी जिप्सी यांच्याखाली लोखंडी चासी असते. दुसऱ्या महायुद्धातील जीपमागे पाव टनाचा ट्रेलर चाले, तोही अशा चासीच्या जोरावर. ब्रेझा, इकोस्पोर्ट यांसारख्या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडी हाच त्यांचा सांगाडा असतो. तेथे हुकाची चौकट खालच्या मजबूत लांब पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी बोल्टने धरावी लागते, म्हणजे ताण एका जागी साठत नाही. पत्र्याला केलेले वेल्डिंग म्हणजे शिलाईवाचून टाचणीने धरलेला कुडता! आणि गाडीला जी ओढण्याची कडी दिलेली असते ती बिघडलेली गाडी काढण्यापुरती असते. तिला ट्रेलर बांधू नये.

आता वजन पाहा. ट्रेलर स्वतः 250 किलो आणि माल 400 किलो धरला तर 650 झाले. जड माल चाकांच्या वर आणि किंचित पुढे हवा. हुकावर एकूण वजनाचा साधारण दहावा भाग यावा, म्हणजे येथे 65 किलो. त्याहून कमी आले की झोके सुरू होतात. हे 65 किलो गाडीच्या मागच्या धुरीवर येतात, म्हणून डिकीत आणखी गठ्ठे आणि मागे चार माणसे हा उद्योग करू नये. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात आणि गाडीच्या कागदातच ब्रेकवाल्या व बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा वेगवेगळी छापलेली असते. आपल्या कंपन्यांनी ही साधी माहिती गिऱ्हाइकाला द्यायला काय हरकत आहे, हे मला आजवर समजलेले नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असे छापले असेल तर विषय तेथेच संपला.

दिव्यांच्या तारा कापून सरळ जोडणे हा दुसरा जुगाड. नव्या गाड्यांत मागचे दिवे संगणक सांभाळतो. जादा भार पडला की तो बिघडतो आणि दुरुस्तीचे बिल दहा फेऱ्यांचे भाडे खाते. ट्रेलरच्या दिव्यांना करंट वेगळ्या फ्यूजमधून, रिलेमार्फत द्यावा. क्लचचा वास येऊ लागला तर घाटात जबरदस्ती करू नका, गाडी थांबवून थंड होऊ द्या.

कायद्याची बाजू व्यापारी नेहमी शेवटी विचारतात, मीही तेच केले. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मनमानी बदल चालत नाही. कलम 61 प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. खाजगी नोंदणीच्या गाडीने व्यापाराचा माल नेणे हा आणखी निराळा प्रश्न. म्हणून एक रुपया खर्च करण्यापूर्वी आपल्या एम.एच. 25 च्या परिवहन कार्यालयात अर्ज द्यावा आणि विमा कंपनीकडूनही लेखी उत्तर घ्यावे. तोंडी 'चालतंय की' अपघातानंतर कोणी ओळखत नाही.

आपल्या वेल्डर-फिटर बांधवांनाही विनंती. तुमच्या हातात हुनर आहे, ट्रॉल्या तुम्हीच बनवता. पण जे काम कोणत्या वजनाला टिकेल ते सांगता येत नाही, ते गिऱ्हाईक रुसले तरी घेऊ नका. घेतले तर बोल्टचा आकार, पोलादाची जाडी आणि वजनाची मर्यादा बिलावर लिहून द्या. गिऱ्हाईक तुमच्या भरवशावर मुलाबाळांना गाडीत बसवते. ती अमानत आहे.

माझा अँगल मी कापून काढला. महिन्याच्या फेऱ्या आणि भाडे मांडले, त्यासमोर हुक, ट्रेलर, नोंदणी, विमा आणि टायरची झीज ठेवली. माझ्या पाच-सहा फेऱ्यांत बेरीज बसली नाही. गठ्ठे सध्या तिघा दुकानदारांच्या सामाईक टेम्पोतून येतात.