अल्पाकाचे डोळे आणि लोकरीचा हिशोब

मंडळी, गेल्या शनिवारी इथे ओहायोत एका अल्पाका फार्मवर गेलो होतो. प्राणी गोड आहे, वादच नाही. लांब मान, कपाळावर झुलपं, आणि डोळे असे की माणसाने तिथेच चेकबुक काढावं. बरोबरच्या मित्राने जवळजवळ काढलंच! "दोन माद्या घेऊ, पाच-सात वर्षांत कळप. वर लोकर आहेच." हा प्राणी (मित्र, अल्पाका नव्हे) दोनशे डॉलरचा मॉनिटर घेण्याआधी तीन आठवडे रिव्ह्यू वाचतो.

तर आधी हिशोब. एका जनावराची लोकर वर्षातून एकदा कातरतात, साधारण तीन किलो. किलोला १०० डॉलर धरू. एवढा भाव कच्च्या लोकरीला कोणी देत नाही, पण धरू. झाले ३०० डॉलर. २००० च्या दशकात इथे चांगली मादी वीस-वीस हजारांना जात होती. चारा, डॉक्टर, कुंपण सगळं फुकट धरलं तरी पैसे सुटायला ६६ वर्षं. अल्पाका जगतो पंधरा ते वीस.

मग लोक कमवत कशावर होते? पुढच्या गिऱ्हाईकाला पिल्लं विकून. गाभणकाळ अकरा महिन्यांच्या वर, पिल्लू एकच. त्यात १९९८ साली मालकांच्याच नोंदणीसंस्थेने परदेशी जनावरांना दार बंद केलं. पेरूहून कितीही उत्तम नर आणा, त्याला 'कागद' नाही. टंचाई अशी बनवली जाते, राव! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या टीना सैटोन आणि रिचर्ड सेक्स्टन यांनी २००५ च्या सुमारासच सांगितलं होतं की हे भाव लोकरीच्या जिवावर टिकणार नाहीत. ऐकलं कोणी? २००८ च्या मंदीनंतर तीच जनावरं फुकट घ्या म्हणायची वेळ आली. आपल्याकडे इमूचं हेच झालं. २०१२ मध्ये तामिळनाडूतली पेरुंदुराईची कंपनी कोसळली, आणि इमू पाळणारे महाराष्ट्रातही कमी नव्हते.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. जगातले बहुतेक अल्पाका पेरूत आहेत. पुनो, कुस्कोकडे चार हजार मीटरवर, जिथे पीक धड येत नाही, तिथे छोट्या कुटुंबांचं पोट या लोकरीवर चालतं. कडाक्याच्या थंडीत पिल्लं मरतात. लोकर वजनावर विकली जाते आणि शेवटी पोचते आरेकिपाच्या गिरण्यांत. भाव ठरवणं त्या कुटुंबांच्या हातात नसतं. खरा धंदा तो आहे, आणि त्यात श्रीमंत व्हायचं स्वप्न कोणी विकत नाही.

मित्राला एकच विचारलं, "लोकर कोण घेणार? नाव सांग." म्हणाला, "बघतो." सोमवारी ऑफिसात नवा स्वेटर घालून आला. लेबलवर 'बेबी अल्पाका, पेरू'. (बेबी म्हणजे पिल्लाची लोकर नव्हे हो, ती बारीक धाग्याची प्रतवारी आहे.) माद्यांचं अजून ठरत नाहीये म्हणे.