लेडलॉसाहेबाला परत बोलवायचं का?

आसगावातून मुंबई साधारण ९०० किलोमीटर. तिथल्या एका दुकानासाठी आपल्या ग्रामसभेत ठराव कशाला, असं कुणीही विचारेल. ते दुकान कुणाच्या घरात थाटलं होतं, ते आधी ऐका.

दादाभाई नौरोजी रोडवरचं खादी भांडार म्हणजे मूळचं व्हाइटअवे लेडलॉ कंपनीचं दुकान. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८८२ मध्ये कलकत्त्यात कंपनी काढली. सुटाबुटापासून घरसामानापर्यंत सगळं विलायती तिच्या एका छपराखाली मिळे, तेही रोखीने. उधारी बंद, म्हणून तिला ‘राइट अवे अँड पेड फॉर’ असं चिडवलं जाई. ३१ जुलै १९२१ ला याच मुंबईत, परळला, गांधीजींनी विलायती कापडाची होळी पेटवली. आणि पुढे लेडलॉच्याच कमानींखाली खादी जाऊन बसली! इतका शांत सूड दुसऱ्या कुठल्या दुकानाने घेतला असेल?

१९५४ पासून भांडार एका संस्थेकडे चालवायला होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये खादी आयोगाने तिचं प्रमाणपत्र रद्द केलं. खादीच्या नावावर भलताच माल विकल्याचा ठपका होता. ठपका खरा असेल तर शिक्षा हवीच, दयामाया नको. पण ती विकणाऱ्याला; खादीची जागाच काढून विणणाऱ्याला कशाला? दर्शनी दगड वारसा म्हणून जपायचे आणि आत हॉटेल किंवा परदेशी ब्रँड बसवायचा, असं उद्या झालं तर लेडलॉसाहेबाला परत बोलावल्यासारखंच होईल.

आपल्याकडे ढिवर कुटुंबं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशीम पिकवतात, कोष्टी घरं करवतीच्या दातांसारख्या काठाची करवतकाठी साडी विणतात. तिला भौगोलिक मानांकन आहे. पण यंत्रमागावरच्या नकलेशेजारी तीच साडी ठेवली की गिऱ्हाईक भाव ऐकून पुढे सरकतं. जिथे अस्सलपणाची हमी दुकानच देतं, अशी जागा मोठ्या शहरात हवी. लेडलॉच्या इमारतीत ती आयती उभी आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घेऊ: या इमारतीत हातचंच कापड विकलं जावं, प्रत्येक थानावर विणणाऱ्या गावाचं नाव असावं आणि एक काउंटर विदर्भाच्या कोशाला मिळावं. शिवाय घरटी एक पोस्टकार्ड. पन्नास पैसे लागतात. पत्ता: खादी आणि ग्रामोद्योग आयोग, ग्रामोदय, इर्ला रोड, विलेपार्ले (पश्चिम), मुंबई. घरी माग असेल त्यांनी कार्डावर काठाचा एक धागाही चिकटवावा.