तळ्याकाठची वाट

कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून, दासगाव मागे टाकीत महाडला पोहोचले की भरवस्तीत चवदार तळे लागते. बांधीव काठ, संथ पाणी, संध्याकाळी पाय मोकळे करायला आलेली माणसे. शहरातल्या एखाद्या रम्य उद्यानातली वाट असावी तशीच ही काठाकाठाची वाट. इथे सहज फेरफटका मारता येतो. आणि माझा मुद्दा या 'सहज' शब्दापाशीच सुरू होतो.

लघुनिबंध शिकवताना आपण फिरण्याला मुक्त मनाची खूण मानतो. वाट फुटेल तिकडे जाणारा, रमतगमत पाहणारा 'मी' हा त्या प्रकाराचा प्राण, असे मीही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. फडके-खांडेकरांनी हा प्रकार रुजवला तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. त्याच दशकात, 20 मार्च 1927 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या जनसमुदायासह या तळ्याकडे चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 मध्येच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये त्याला अनुसरून ठराव केला होता. वाट कागदावर मोकळी होती. तिच्यावर पाऊल टाकणाऱ्यांना मात्र मार खावा लागला आणि मागाहून तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला 1937 साल उजाडले.

लघुनिबंधातला फिरस्ता खोटा होता, असे मी म्हणत नाही. त्याची रसिकता खरीच आहे. परंतु त्याच्या पायांखालची वाट कोणाकोणाला मोकळी होती, हा प्रश्न रसग्रहणाच्या कक्षेबाहेरचा मानणे हे आपल्या समीक्षेचे अपुरेपण आहे. निरुद्देश भटकणे ही ज्याला वाट आधीच लाभली आहे त्याची चैन होय. महाडच्या चालण्याला उद्देश होता, सबब ते इतिहासाच्या तासाला. फेरफटका तेवढा साहित्याच्या, ही वाटणी सोयीची खरी. पण पुढच्या कित्येकांच्या निरुद्देश फेरफटक्याची शक्यता त्या सोद्देश चालण्यातूनच निर्माण झाली.

म्हणून लघुनिबंधाचा एक तरी तास या काठावर घ्यावा. विद्यार्थ्यांना क्रांतिस्तंभापासून तळ्यापर्यंत पायी आणावे, काही न सांगता एक फेरी मारू द्यावी. ती सहज वाटली, तर ही सहजता आली कुठून, एवढेच मग विचारावे.